मनकर्णा मावशीचा डबा आणि मी

मित्रांनो, मी एक जुना, खिशात मावणारा रेकॉर्डर आहे. काळाच्या ओघात विरून जाणारा प्रत्येक सूर अडवून धरावा आणि येणाऱ्या पिढ्यांच्या ओंजळीत सोडावा, अशा उदात्त हेतूने माझी निर्मिती झाली. प्रत्यक्षात माझ्या पोटात सगळ्यांत जास्त साठला आहे तो खोकला. वऱ्हाडातला रसिक शिस्तीचा. ताना चालू असताना तो कधी खोकत नाही. गवई डोळे मिटून खालच्या षड्जाकडे अलगद उतरू लागला, की मागच्या रांगेतून पहिला खोकला येतो आणि मग बाकीचे त्याला साथ देतात.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला म्हणतात. मला आठवत नाही. सेल घातल्याखेरीज मला काहीच आठवत नाही. डोक्यावर दोन मायक्रोफोन आहेत, लग्नात शेजारी बसवलेल्या व्याह्यांसारखे एकमेकांकडे तिरके पाहणारे. आवाज वाढला की काटा लाल रंगात जातो. वाऱ्याची घरघर शिरू नये म्हणून मला एक केसाळ टोपी मिळाली आहे. ती घालून मी पहिल्यांदा अकोल्याच्या जठारपेठेतल्या ओसरीत बसलो, तेव्हा फाटकातून आत येणारे खुशालराव जागीच थबकले आणि म्हणाले, "काय जी वकीलसाहेब, मुंगूस पाळलं काय?"

वकीलसाहेब म्हणजे माझे मालक, मोरोपंत. दिवसा कोर्टात लोकांचं ऐकायचं आणि संध्याकाळी गाणं ऐकायचं, हा त्यांचा नेम. पैकी संध्याकाळचं ते मन लावून ऐकतात. एका तानेवरून घराणं ओळखतो, असं ते स्वतःच सांगतात. गायकाने कधी सांगितलेलं नाही. खुशालराव हे त्यांचे मित्र, बँकेतून निवृत्त झालेले आणि तबल्यावर चालू असलेले.

आता तुम्ही म्हणाल, हातात फोन असताना वेगळा रेकॉर्डर कशाला? हाच प्रश्न मोरोपंतांच्या पत्नीने, कुंदाताईंनी, मला खोक्यातून काढताना विचारला होता. मोरोपंत म्हणाले, "अगं, फोनवर यमन भरायला घ्यावा, तर कोमल क्षणी कर्ज हवंय का म्हणून बाई विचारते. याला कोणी फोन करत नाही." माझ्या एकटेपणाचं इतकं कौतुक पुढे कधी झालं नाही.

पण काम केलं, मित्रांनो, मन लावून केलं! सकाळी मोरोपंतांच्या रियाजाला मी तानपुरा भरून ठेवलेला वाजवत असे. दुपारच्या सुट्टीत बाररूमच्या कोपऱ्यात ते कानात इअरफोनची बोंडं घालून कालची मैफल ऐकत आणि मान हलवत. एकदा एका पक्षकाराने भक्तिभावाने विचारलं, "साहेब, माह्या केसचं आयकून राहिले काय?" मोरोपंतांनी डोळे न उघडता "हो" म्हटलं. कुंदाताई कन्याशाळेत संगीत शिकवतात. त्या मला वर्गात नेत आणि मुलींना त्यांचाच आवाज ऐकवत. मुली आधी हसत, मग लाजत, मग म्हणत, "बाई, ही मी नाही." खुशालराव स्वतःचा ठेका माझ्यात भरून त्यावर हात बसवत. दहा मिनिटांत ते आणि त्यांचाच ठेका यांची फाटाफूट होई. मग ते माझ्याकडे बोट दाखवत. "मशीन पयते हे. मी जागेवरच आहो."

अमरावतीच्या मैफली मी खिशातून ऐकल्या, इस्त्रीच्या वासात. गुरुकुंज मोझरीला भजनाला गेलो, तर खंजिरीच्या पहिल्याच थापेला माझा काटा जो लालीत गेला तो आरतीलाच परत आला. असे ते भरदार दिवस होते. आणि त्या सगळ्यांहून भरदार दिवस यायचे होते. त्या दिवसांत मी ना यमन टिपला, ना खंजिरी. मी एक डबा टिपला.

झालं असं. भुलाबाईचे दिवस सुरू झाले होते. पुण्याकडच्या मित्रांसाठी सांगतो, भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे पोरी संध्याकाळी एकेका घरी जमतात, पाटावर मातीच्या भुलाबाई-भुलोबा मांडतात आणि टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. गाणी संपली की त्या घरची बाई झाकण लावलेला डबा आणून कानाजवळ खुळखुळवते. आत काय आहे, हे आवाजावरून ओळखायचं. ही खिरापत. ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही. अशा रीतीने वऱ्हाडातल्या मुलींचे कान पिढ्यान् पिढ्या तयार होत आले आहेत, आणि ते पुढे सासूच्या पावलांसाठी उपयोगी पडतात.

कुंदाताईंचं लहानपण अचलपूरला गेलं. तिथे त्यांची मनकर्णा मावशी शाळेत गणित शिकवायची आणि भुलाबाईची गाणी गायची. दोन्ही सारख्याच चढ्या आवाजात. मावशी आता अकोल्याला येऊन राहिली होती, जठारपेठेतच, मागच्या गल्लीत, एकटी. यजमान गेले तेव्हा चार बायकांनी तिला हातातल्या बांगड्या उतरवायला सांगितलं. तिने त्याच आठवड्यात बाजारात जाऊन हातभर हिरव्या भरून घेतल्या आणि त्या चौघींना हळदीकुंकवाला बोलावलं. चौघीही आल्या. बोलावलं की जावं लागतं.

तर मावशीचं एक गाणं होतं. सासरी अडकलेल्या लेकीचं. ती माहेरी निरोप धाडते, की कोणीतरी न्यायला या. मग एकेका भावाची कारणं:

*थोरल्याले सांगा बाई, थोरला न्यायले येईना,*
*थोरला म्हणे गाडीचं चाक काही फिरेना.*

मधला म्हणतो नदीचं पाणी सरेना. धाकटा म्हणतो झोप पुरेना. इथवर अचलपुरात सगळ्यांना येतं. कुंदाताईंनी शाळेतही इथवरच शिकवलं. आणि दर वर्षी वर्गातली एखादी पोरगी विचारायचीच, "बाई, मग तिला न्यायला कोण आलं?"

बाईंना माहीत नव्हतं. शेवटचं कडवं फक्त मावशीला येत होतं.

आणि त्या वर्षी मावशीच्या गळ्याला गाठ निघाली. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं, आवाजाच्या नसा अगदी जवळून जातात, सहसा काही होत नाही, पण आवाज बदलूही शकतो, जाऊही शकतो. मावशी घरी येऊन म्हणाली, "जल्मभर नवरा सांगे, आवाज कमी कर. आता डॉक्टर करून देते."

सगळे हसले. कुंदाताई हसल्या नाहीत. त्यांनी मला उचललं, नवे सेल घातले आणि मागच्या गल्लीत निघाल्या.

"मावशी, ते गाणं म्हण. पूर्ण. भरून घेते."

मावशीने माझ्या टोपीकडे पाहिलं. "हे काय वं? मुंगूस?"

"रेकॉर्डर आहे."

"मले आधी सांग कुंदे, शेवटचं कडवं तुले काहून येत नाही?"

कुंदाताई माझ्या टोपीचे केस सारखे करू लागल्या.

"मी सांगतो. धाकल्या भावाचं कडवं झालं, की मी आतून डबा आणे. डबा दिसला की तुमी साऱ्या पोट्ट्या पयाल्या डब्याकडं. मी मांगं एकटीच गाऊन राहिली. दर वर्सी! एकीनं आयकलं नाही."

"मावशी, मी सात वर्षांची होते."

"मंग आता तर मोठी झाली ना?" मावशी उठली, आत गेली आणि एक चपटा स्टीलचा डबा घेऊन आली. झाकण घट्ट, वर फडकं बांधलेलं. "तवा डब्यासाठी गाणं सोडलं. आता गाण्यासाठी डबा ओयख. पोरींचा डबा वेगळा, हा तुहा. रोज सांजेले ये. एका सांजेले एकच नाव घ्याचं. ओयखला की गातो. सारं गातो."

"आणि नाही ओळखला तर?"

"तं कोजागिरी झाल्यावर भुलाबाई म्हणत नाही. पुढच्या वर्सी कोणाचा आवाज कोठी राहीन, कोणाले माहीत?" असं म्हणून तिने तो डबा माझ्या तोंडासमोर धरला आणि जोरात हलवला.

खळ्ळ-खुळ. खळ्ळ-खुळ. छन्न.

मित्रांनो, मी खंजिरी ऐकली आहे, पण असा आवाज माझ्या आयुष्यात आला नव्हता. नाजूक, टणक, थोडा चिडखोर. कुंदाताई लगेच म्हणाल्या, "फुटाणे!"

"नाही," मावशी म्हणाली, आणि अंगणात जमलेल्या पोरींच्या गाण्याला टाळी धरून बसली.

घरी येताच कुंदाताईंनी मोरोपंतांच्या कानात बोंडं घातली आणि मला सुरू केलं. मोरोपंतांनी सवयीने डोळे मिटले. मग एकदम उघडले. "पुन्हा लाव." पुन्हा लावलं. "पुन्हा." ज्या माणसाने मोठमोठ्या गवयांना एका ऐकण्यात निकालात काढलं, तो मनकर्णा मावशीचा डबा जेवण निवेपर्यंत ऐकत राहिला. त्या घरात असा उत्साह कोणत्याही रागाने कधी आणला नव्हता! आठवीतली त्यांची लेक श्रावणी अभ्यास सोडून आली. खुशालरावांना निरोप गेला, आणि ते चप्पल न घालता आले.

मग सुरू झाला तुलनात्मक अभ्यास. स्वयंपाकघरातला एकेक जिन्नस स्टीलच्या डब्यात घालून माझ्यासमोर हलवला जाऊ लागला. शेंगदाणे. शेव. शंकरपाळे. साबुदाणा. सुपारी. मोरोपंत न्यायाधीशासारखे मधोमध बसत, कानात बोंडं, हात वर. "साबुदाणा फार बारीक. पुढचा हजर करा." शंकरपाळ्यांवर बरीच उलटतपासणी झाली, आणि ती संपली तेव्हा पुरावा श्रावणीने खाल्लेला होता. शेजारच्या बेबीताईंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "वहिनी, उंदीर झाले काय घरात? सारे डबे काहून आपटून राहिले?"

"संशोधन चालू आहे," मोरोपंत म्हणाले.

"बरं बरं. आमच्याकडं पिंजरा हाये, लागला तं सांगा."

दुसऱ्या संध्याकाळी खारे शेंगदाणे. "नाही." मग साखरफुटाणे. "नाही." एकदा मोरोपंत स्वतः कोटासकट गेले आणि पूर्ण विचारांती म्हणाले, "चिंचोके." मावशी त्यांच्याकडे बघतच राहिली. "जावाई हाय म्हणून बोलत नाही. चिंचोके खाऊ घालतो काय मी पोरींले?"

श्रावणीने माझ्यातला आवाज कॉम्प्युटरवर चढवला, तेव्हा पडद्यावर डोंगरांची रांग उमटली. मोरोपंतांनी त्या रांगेचा कागद छापून दिवाणखान्यात लावला. पूर्वी तिथे त्यांच्या गुरुजींचा फोटो होता. आल्यागेल्याला ते छडीने दाखवत, "हा बघा, इथे आघात. इथे अनुनाद." खुशालराव त्या डोंगरांना मात्रा मोजत. "वकीलसाहेब, एक गोष्ट मले पटून नाही राहिली. दाणा डब्यात असला तं बोल मधातून याले पायजे. हा बोल किनारीवर येऊन राहिला. चाट वाजते ना तबल्याची, तशी."

"डबा चपटा आहे खुशालराव, किनारीवरच येणार."

"मंग बरोबर आहे," खुशालराव म्हणाले. वकिलाशी वाद घालून काय करता.

अमरावतीला त्याच सुमारास एक मोठी मैफल होती, तिची वाट मोरोपंत वर्षभर पाहत होते. ते गेले नाहीत. "इकडे निकाल लागायचा आहे," असं त्यांनी तिकडे कळवलं. लोकांना वाटलं, मोठी केस असेल.

पण कुंदाताईंचा उत्साह दिवसागणिक वेगळा होत गेला. बाकीच्यांना डबा ओळखायचा होता. त्यांना गाणं हवं होतं. एकदा दुपारी घरात कोणी नसताना त्यांनी मला कानाशी लावलं. डब्याच्या आधीचा भाग लावला, मावशी नुसती बोलते तो. "कुंदे, ये इकडं. केस काय असे बांधले वं?" एवढंच त्या पुन्हा पुन्हा ऐकत राहिल्या. ऐकता ऐकता त्यांनी केस सोडून पुन्हा नीट बांधले. मग डोळे पुसून त्यांनी डब्यात वाल घालून हलवून पाहिले. जुळले नाहीत.

कोजागिरी उजाडली. ज्वारीच्या धांड्यांचं, म्हणजे ताटांचं, मखर उभं राहिलं, मावशीच्या अंगणात पोरी जमल्या. चंद्र वर यायच्या आत गाणी आटपायची होती, कारण दुसऱ्या दिवशी सकाळीच मावशीला दवाखान्यात जायचं होतं. मोरोपंत आले, खुशालराव आले, बेबीताई पिंजरा परत न्यायच्या निमित्ताने आल्या. पिंजरा कोणी घेतलाच नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं. शेवटचं एक नाव उरलं होतं. मोरोपंतांचं मत बत्तासे. खुशालरावांचं मत खडीसाखर. श्रावणी म्हणत होती चॉकलेटं. कुंदाताई काही म्हणत नव्हत्या. त्यांनी मला पाटाच्या कडेला ठेवलं, लाल दिवा लागल्याची खात्री केली आणि मावशीसमोर बसल्या.

"आण मावशी."

मावशीने डबा आणला. माझ्यासमोर धरला. जोरात हलवला.

काहीच नाही.

मित्रांनो, काहीच नाही! काटा होता तिथून हलला नाही. मावशीने पुन्हा हलवला. शांतता.

"रेकॉर्डर बिघडला!" मोरोपंत कानातली बोंडं दाबत ओरडले.

हा माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा अपमान. खुशालरावांनी पुढे होऊन माझ्या तोंडाशी अशी टाळी वाजवली, की माझा काटा लाल होऊन थरथरला आणि मोरोपंत कान धरून मागे सरले. "मशीन चांगलं आहे," खुशालराव म्हणाले. मी मोरोपंतांकडे पाहणार होतो, पण मला डोळे नाहीत.

"मग डबा रिकामा आहे," मोरोपंत म्हणाले. "मावशी, ही फसवणूक आहे."

"पुरावा द्या, वकीलसाहेब," मावशी म्हणाली.

कुंदाताई डब्याकडे बघतच नव्हत्या. त्या मावशीच्या हातांकडे बघत होत्या. हात उघडे होते. मनगटापासून कोपराकडे गोरा, सुरकुतलेला, बिनहिरवा हात.

"मावशी, बांगड्या?"

"उतरवल्या. नर्सबाईनं सांगतलं, येतानी अंगावर काही ठेवू नका. म्हटलं सकायी धांदल नको." तिने हात उलटा-सुलटा करून पाहिला. "दुसऱ्या कोणाचा हात वाटून राहिला."

मग कुंदाताईंच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मला दिसलं नाही, पण ऐकू आलं. त्यांचा श्वास अडला. मग त्या हसायला लागल्या. आधी हळू, मग पोट धरून. "अहो," त्या मोरोपंतांना म्हणाल्या, "इतके दिवस आपण मावशीच्या बांगड्या ऐकत होतो!"

मोरोपंतांच्या डोळ्यांसमोरून तो दिवाणखान्यातला छापील कागद गेला असावा. आघात. अनुनाद.

"किनारीवर," खुशालराव पुटपुटले. "मी म्हटलं होतं."

तुम्ही म्हणाल, तुला तर सगळं ऐकू येत होतं, मग तू काहून नाही सांगितलं? मित्रांनो, मला कान दोन आहेत, पण लक्ष नाही. गवई, खोकला, खंजिरी, बांगडी, माझ्या पंक्तीत सगळ्यांना सारखंच वाढतात. काय खायचं आणि काय पानाबाहेर ठेवायचं, हे ऐकणाऱ्याने पाहायचं.

"हसून झालं असलं तं नाव घे," मावशी म्हणाली. "चंद्र वर येऊन राहिला."

कुंदाताईंनी डोळे पुसले. आता प्रश्न उलटा झाला होता. जे वाजतं ते नव्हे, जे वाजत नाही ते ओळखायचं होतं. "बत्तासे," मोरोपंत कानात कुजबुजले; एकदा घेतलेली बाजू ते सोडत नाहीत. कुंदाताईंनी त्यांना हाताने गप्प केलं आणि म्हणाल्या, "मावशी, पुन्हा एकदा. हळू."

मावशीने डबा एका हाताने उचलला आणि हलवला. आजारी माणसाचा हात, पण डबा कसा पिसासारखा हलला. माझ्या आत खोल कुठेतरी काहीतरी सरकलं. कापसाची गादी झटकावी, तेवढंच.

"वजन नाही," कुंदाताई म्हणाल्या. "आवाज नाही. लाह्या!"

"कायच्या?"

माझे सेल त्या क्षणी संपले असते तरी मला दुःख झालं नसतं. नाही, झालं असतं.

"ज्वारीच्या!"

मावशीने फडकं सोडलं. झाकण उघडलं. पांढऱ्याशुभ्र लाह्या, काठापर्यंत. पोरींनी एकच कालवा केला. खुशालरावांनी स्वतःच्या मांडीवर तिहाई वाजवली, आणि ती समेवर आली. बेबीताई कोणाला तरी मिठी मारायची म्हणून श्रावणीला मारून मोकळ्या झाल्या. मोरोपंत कोर्टात जिंकल्यावर जसे उभे राहतात तसे उभे राहिले, जणू लाह्या त्यांनीच सुचवल्या होत्या.

"रोज ताज्या भरत होतो," मावशी म्हणाली. "रोज शिळ्या मीच खाऊन राहिली. ताप आला मले लाह्यांचा." मग तिने पदर नीट केला, गळ्यावरच्या गाठीवर एकदा बोट ठेवलं आणि गायला सुरुवात केली.

थोरल्याचं चाक फिरलं नाही. मधल्याची नदी सरली नाही. आवाज थोडा खरखरीत, पण सूर कसा खुंटीला टांगल्यासारखा. धाकट्याची झोप पुरली नाही. आणि इथे, मित्रांनो, जे अचलपुरात व्हायचं तेच झालं. उघडा डबा दिसत होता. एक पोरगी सरकली, दुसरी उठली, आणि सगळ्या टिपऱ्या टाकून लाह्यांकडे धावल्या. श्रावणीसुद्धा. बेबीताईसुद्धा.

कुंदाताई जागच्या हलल्या नाहीत. हात मांडीवर, नजर मावशीच्या ओठांवर. मीही हललो नाही. मला पाय नाहीत आणि लाह्या चालत नाहीत.

*नका सांगू कोणाले बाई, वाट मी पाहेना,*
*रस्ता माह्या ओयखीचा, पाय माहा राहेना.*

"म्हणजे?" कुंदाताईंनी हळूच विचारलं. "तिला न्यायला कोणीच आलं नाही?"

"काहून येतीन? तिले रस्ता माहीत होता. तिची ती आली." मावशीने डब्यातल्या उरलेल्या लाह्या मुठीत घेऊन कुंदाताईंच्या ओंजळीत ओतल्या. "हे सांगाचं होतं मले इतके वर्सं. पण तुमी थांबल्या तं ना."

कुंदाताईंनी लाह्या खाल्ल्या नाहीत, तशाच धरून ठेवल्या. मग वाकून त्यांनी माझा लाल दिवा बंद केला. इतक्या हलक्या हाताने मला कोणी कधी बंद केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला पर्समध्ये घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. बाकावर बसल्या आणि पर्सवर हात ठेवून राहिल्या. मोरोपंत फेऱ्या मारत होते. खुशालराव बोटांनी बाकावर काहीतरी विलंबित वाजवत होते, आणि नर्स त्यांना गप्प बसा म्हणून सांगत होती. माझ्या पोटात एक गाणं होतं, पुरतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि अख्ख्या जगात ते दुसरीकडे कुठेच नव्हतं. एवढा भाव मला कधी आला नव्हता. कारखान्यातून निघालेल्या माझ्या हजारो भावंडांपैकी कोणालाच आला नसेल.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो. माझं एक बटण दोनदा दाबावं लागतं, आणि टोपीचे केस झडल्यामुळे मला आता कोणी मुंगूस म्हणत नाही. तुमच्याकडे माझ्यासारखा कोणी असेल, तर एवढं करा. काम झालं की त्याचे सेल काढून ठेवा, पोटात पाझरतात. त्याला रेडिओवर ठेवू नका, आत घरघर शिरते. आणि एखादं म्हातारं माणूस गात असेल, तर शेवटच्या कडव्याला उठू नका. लाह्या कुठे पळून जात नाहीत.

मावशीचं ऑपरेशन चांगलं झालं. गाठ साधी निघाली, आवाज जसाच्या तसा राहिला. ते गाणं ती हल्ली कोणालाही पूर्ण म्हणून दाखवते, फोनवरसुद्धा. माझ्यातलं अजून कोणी ऐकलेलं नाही.